फाटक आले की थांबावे

डिजिटल व्यवहारांतील जोखीम आणि आपले मन

मूर्तिजापूरच्या बाजारपेठेत आज चहाच्या टपरीपासून किराणा दुकानापर्यंत सर्वत्र क्यूआर कोडचा तो काळा-पांढरा चौकोन लावलेला दिसतो. भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने ११ एप्रिल २०१६ रोजी यूपीआय ही पद्धती जाहीर केली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात झालेल्या नोटाबंदीने तिला घराघरांत पोहोचवले, आणि २०२० च्या महामारीने, ज्यांनी तोवर तिला हात लावला नव्हता अशा ज्येष्ठांच्याही हाती ती दिली. अवघ्या दहा वर्षांत व्यवहाराची रीत पालटली. मनुष्याचे मन मात्र इतक्या त्वरेने पालटत नाही.

साप दिसला की पाऊल आपोआप मागे येते. पूर्णेला पूर आला की काठावरचे लोक न सांगता उंचावर जातात. या भीती आपल्या रक्तात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या आहेत. फोनची घंटा वाजली असता मात्र शरीर असा कोणताही इशारा देत नाही. ती घंटा लेकीच्या फोनची असते, दुकानदाराची असते आणि लुटारूचीही असते; तिन्हींचा आवाज एकच. जे संकट दिसत नाही, ज्याला वास नाही व आवाज नाही, त्याच्याशी मनाने जुळवून कसे घ्यावे, हा आजच्या प्रत्येक कुटुंबापुढील प्रश्न आहे. आयुष्यभराची पुंजी, घरातील माणसांचा परस्परांवरील विश्वास आणि वडीलधाऱ्यांचा आत्मसन्मान, या तिन्ही गोष्टी त्या प्रश्नाशी बांधलेल्या आहेत.

वऱ्हाडाने पाहिलेली जुनी जोखीम

असे संकट समाजावर प्रथमच आलेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडात रेल्वे आली, कापसाचा व्यापार वाढला आणि त्याबरोबर कर्जरोखे, गहाणखत व न्यायालय हे शब्द खेडोपाडी पोहोचले. तोवर शब्दावर चालणारा व्यवहार कागदावर आला. परंतु कागद वाचता येणारी माणसे थोडी होती. ज्याला अक्षर येत नव्हते, त्याचा अंगठा हीच त्याची स्वाक्षरी झाली. आपण कशाखाली अंगठा उठवीत आहोत, हे त्याला समजत नसे.

संत गाडगेबाबांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी, मामांच्या घरी गेले. त्यांचा जन्म १८७६ चा, शेंडगावचा. वडिलांच्या निधनानंतर आई त्यांना घेऊन माहेरी आली. मामा चंद्रभान हे कष्टाळू शेतकरी होते. सावकाराचे कर्ज ते फेडीत राहिले, परंतु अक्षरओळख नसल्याने हिशेबाचा कागद त्यांच्या हाती कधी आला नाही. अखेरीस कर्ज फिटलेच नाही असे सांगून सावकाराने त्यांची जमीन घेतली, असे बाबांचे चरित्रकार सांगतात. त्या धक्क्याने ते घर खचले. पुढे कीर्तनांतून बाबांनी कर्ज काढू नका, मुलांना शिकवा, हा उपदेश आयुष्यभर केला, त्यामागे दापुऱ्यातील तो अनुभव होता.

दख्खनेत याच व्यथेचा भडका उडाला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला आणि शेतकऱ्याच्या कर्जाचा दस्त नोंदणी अधिकाऱ्यासमोर करण्याची व्यवस्था त्या भागात आली. समाजही हळूहळू शिकला. पैसे दिले की पावती घ्यावी, अंगठा उठविण्यापूर्वी कागद दुसऱ्याकडून वाचवून घ्यावा, साक्षीदार आपला असावा, कोऱ्या कागदावर सही करू नये, या सवयी घराघरांत रुजल्या. त्या रुजायला दोन पिढ्या लागल्या. आज कोऱ्या कागदावर सही मागितली तर अल्पशिक्षित मनुष्यही हात आखडतो, आणि त्यासाठी त्याला भीती वाटावी लागत नाही. ओटीपी हा आजचा अंगठा आहे. फरक इतकाच की या वेळी शिकायला दोन पिढ्यांचा अवधी आपल्यापाशी नाही.

मन जोखमीला कसे सामोरे जाते

नवे संकट आले की मन बहुधा तीन मार्गांपैकी एक धरते. पहिला मार्ग म्हणजे ‘माझ्या बाबतीत असे होणार नाही’ ही समजूत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ नील वाइनस्टाइन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना आयुष्यातील बऱ्या-वाईट घटनांविषयी विचारले होते. वाईट गोष्टी आपल्यापेक्षा इतरांवर अधिक ओढवतील आणि चांगल्या गोष्टी इतरांपेक्षा आपल्या वाट्याला अधिक येतील, अशी बहुतेकांची धारणा दिसली. वर्तमानपत्रात फसवणुकीची बातमी वाचून ‘लोक इतके भोळे कसे असतात’ असे आपण म्हणतो, तेव्हा याच भ्रमात असतो. त्या बातमीतील मनुष्यानेही आदल्या आठवड्यात कदाचित तेच म्हटलेले असते.

दुसरा मार्ग सवयीचा आणि थकव्याचा. तीच सूचना रोज ऐकली की कान ती ऐकणे सोडतो. २०२४ च्या अखेरीपासून फोन लावताच अमिताभ बच्चन यांच्या आवाजातील सायबर सावधगिरीची सूचना ऐकू येऊ लागली. प्रारंभी लोकांनी ती लक्षपूर्वक ऐकली, मग कंटाळले, मग तिच्यावर विनोद झाले. जून २०२५ मध्ये ती थांबली. सूचनेतील मजकूर शेवटपर्यंत खराच होता, परंतु मनाने तिला पंख्याच्या घरघरीसारखे मागे टाकले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी २०१६ मध्ये अशा थकव्याविषयी लिहिले. संगणक वापरणाऱ्या सामान्य माणसांच्या मुलाखतींत त्यांना वारंवार आढळले की, पासवर्ड, सूचना आणि खबरदाऱ्या यांच्या ओझ्याने माणसे हताश होतात आणि मग समोर येईल त्यावर मुकाट्याने ‘होय’ म्हणून मोकळी होतात.

तिसरा मार्ग घबराटीचा. आपल्या घरातील कित्येक वडीलधाऱ्यांनी भयापोटी स्मार्टफोन बाजूला ठेवला आणि सर्व व्यवहार मुलांच्या किंवा नातवंडांच्या स्वाधीन केले. वरवर पाहता हा शहाणपणा वाटतो. प्रत्यक्षात त्यांचे निवृत्तिवेतन, त्यांचे खाते आणि त्यांचे पिन यांवरील त्यांचाच ताबा सुटतो. जोखीम नाहीशी झालेली नसते; ती दुसऱ्याच्या हातात गेलेली असते.

भीती रक्षण करीत नाही

लोकांना पुरेसे घाबरविले की ते सावध होतील, ही समजूत सार्वत्रिक आहे. मानसशास्त्रज्ञ रॉनल्ड रॉजर्स यांनी १९७५ मध्ये मांडलेला सिद्धांत आणि त्यावरील पुढील संशोधन याहून वेगळे सांगते. संकट मोठे आहे हे कळण्याबरोबरच त्यावर उपाय आहे आणि तो मला करता येईल, हा विश्वासही मनुष्याला लागतो. उपायाविना नुसते भय मिळाले तर मन संकट नाकारू लागते किंवा गोठून जाते. लुटारूंना हे उत्तम ठाऊक आहे. त्यांचे शस्त्रच भय असते.

वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष, पद्मभूषण एस. पी. ओसवाल यांच्याबाबत ऑगस्ट २०२४ मध्ये जे घडले ते देशभर गाजले आणि त्यांनी स्वतः ते जाहीरपणे सांगितले. वय ८२, वस्त्रोद्योगातील प्रदीर्घ अनुभव, असंख्य करार व कागद हाताळलेला हा मनुष्य. केंद्रीय अन्वेषण विभागाचे अधिकारी असल्याची बतावणी करणाऱ्यांनी त्यांना आर्थिक गैरव्यवहाराच्या एका प्रकरणात गुंतविल्याचे भासविले, ‘डिजिटल अरेस्ट’ झाल्याचे सांगून व्हिडिओ कॉलवर सतत नजरेखाली ठेवले आणि ही गोष्ट कोणालाही सांगू नये अशी अट घातली. इतकेच नव्हे, सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणीही भरविली. त्यांना ‘न्यायाधीशां’चा चेहरा दिसला नाही, आवाज आणि हातोडा आपटल्याचा नाद तेवढा ऐकू आला. दोन दिवसांत सात कोटी रुपये गेले. तक्रार झाल्यावर पोलिसांनी त्यांपैकी ५ कोटी २५ लाख रुपये परत मिळविले.

त्या हातोड्याकडे लक्ष द्यावे. भारतातील न्यायालयांत न्यायाधीश हातोडा आपटीत नाहीत. तो चित्रपटांतून आपल्या मनात येऊन बसला आहे. लुटारूंनी न्यायालय उभे केले ते आपल्या मनातील चित्रावरून. एरवी कोणालाही ही विसंगती सहज जाणवली असती, परंतु भयाने व्यापलेले मन विसंगती शोधीत नाही, ते सुटकेची वाट शोधते.

अशा वेळी ‘लोभाने बुडाला’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. गुंतवणुकीवर दुप्पट परताव्याचे आमिष दाखविणाऱ्या फसवणुकींत लोभाला जागा असते, हे खरे. ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये मात्र मनुष्याचे सद्‌गुणच त्याच्यावर उलटविले जातात. कायद्याचा आदर, अधिकाऱ्यापुढील नम्रता, घराण्याच्या नावाची काळजी, आपल्यामुळे मुलांना त्रास होऊ नये ही माया, हे सारे ज्याच्यापाशी अधिक, तो अधिक लवकर सापडतो. अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ले मिलग्रॅम यांनी १९६१ मध्ये केलेल्या प्रयोगात, केवळ एका संशोधकाच्या शांत आज्ञेवरून ४० पैकी २६ सामान्य माणसांनी समोरच्याला विजेचा अत्युच्च धक्का देण्याची कळ दाबली होती. धक्के खोटे होते, पण कळ दाबणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. अधिकाराच्या आवाजापुढे मनुष्याची स्वतंत्र बुद्धी किती सहज माघार घेते, हे त्यातून दिसले.

२७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी या प्रकाराचा उल्लेख करून, कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ अशी कोणतीही तरतूद नाही हे स्पष्ट केले आणि थांबा, विचार करा, मग कृती करा, असा तीन पायऱ्यांचा मार्ग सांगितला. त्यातील पहिली पायरी सर्वांत अवघड आहे. कारण समोरचा आपल्याला थांबू देत नाही.

गावाने मिळून घातलेली मर्यादा

एकट्याचा निश्चय लवकर थकतो. सर्वांनी मिळून घातलेली मर्यादा टिकण्याचा संभव अधिक. महाराष्ट्रातील दोन गावांनी २०२२ मध्ये याचा प्रत्यय दिला. त्यांच्यापुढील जोखीम पैशाची नव्हती, ती मुलांच्या चित्ताची होती. महामारीत शाळा मोबाइलवर भरली आणि शाळा पुन्हा उघडली तरी मोबाइल मुलांच्या हातून सुटेना. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. त्यानंतर साडेआठपर्यंत घरोघरी दूरदर्शन संच व मोबाइल बंद ठेवायचे, मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी वाचायचे किंवा बोलायचे, असे ठरले. यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बान्सी येथील ग्रामसभेने त्याच वर्षी अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला.

या ठरावांच्या कठोरपणाविषयी मतभेद होऊ शकतात. परंतु त्यांमागील मानसिक सूत्र लक्षात घेण्याजोगे आहे. ‘सगळ्यांकडे आहे, मलाच का नाही’ हा मुलाचा प्रश्न भोंग्याने संपतो, कारण त्या दीड तासात कोणाकडेच तो नसतो. प्रत्येक आईने प्रत्येक संध्याकाळी नव्याने भांडण करण्याचे कारण उरत नाही. नकार देण्याचे ओझे एका व्यक्तीच्या खांद्यावरून उतरून नियमावर जाते. पैशाच्या जोखमीतही नेमके हेच साधायचे आहे.

शकुंतलेचा धडा

मूर्तिजापूर हे जंक्शन. मुंबई–हावडा लोहमार्गावरील या स्थानकातून एके काळी अरुंद मार्गाची ‘शकुंतला’ एका बाजूला यवतमाळला व दुसऱ्या बाजूला अचलपूरला जात असे. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन तिने १९९४ पर्यंत वापरले. या गाडीची एक रीत तिच्यातून प्रवास केलेल्या ज्येष्ठांच्या स्मरणात आहे. रस्त्याचे फाटक आले की गाडी थांबे. गाडीवरचाच कर्मचारी खाली उतरून फाटक बंद करी. गाडी पलीकडे जाऊन पुन्हा उभी राही. तो फाटक उघडी, परत येऊन गाडीत चढे आणि मग प्रवास पुढे चाले.

कोणी तिला संथ म्हणून हसले असेल. परंतु त्या रीतीत मोठे शहाणपण होते. आज रस्त्यावर बैलगाडी येईल की नाही, याचा अंदाज चालक बांधीत नसे. फाटक आले, म्हणजे थांबायचे. निर्णय प्रसंगावर सोपविलेला नव्हता. तो आधीच घेऊन ठेवलेला होता. म्हणून चालकाला भयभीत राहावे लागत नसे आणि बेसावधही राहता येत नसे. डिजिटल व्यवहारांत मनाला हीच सवय लावता येते. ‘हा फोन खरा की खोटा’ हे ओळखण्याची स्पर्धा लुटारूशी करू नये. त्या कलेत तो आपल्याहून निष्णात आहे. फाटके कोणती हे आधी ठरवावे आणि फाटक आले की, समोरचा खरा असो वा खोटा, थांबावे.

घरातील फाटके

पहिले फाटक गुप्ततेचे. ‘हे कोणाला सांगू नका’ असे फोनवर कोणीही म्हटले की फोन ठेवावा आणि घरातील एका व्यक्तीला लगेच सांगावे. खऱ्या पोलिसाला आपण मुलाशी किंवा वकिलाशी बोलल्याने अडचण होत नाही.

दुसरे फाटक पिनचे. पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीही द्यावा लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. पिन मागितला गेला, म्हणजे पैसे आपल्या खात्यातून बाहेर जात आहेत. ‘तुम्हाला पैसे मिळतील’ असे भासवून पैसे मागणाऱ्या विनंत्यांचा इतका दुरुपयोग झाला की, व्यक्ती-व्यक्तींमधील अशी विनंती पाठविण्याची सोयच देयक महामंडळाने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली.

तिसरे फाटक रकमेचे. विशिष्ट मर्यादेवरील रक्कम पाठविण्यापूर्वी घरातील दोन माणसांनी बोलायचे, असे सर्वांसमोर ठरवावे. हा नियम केवळ आजी-आजोबांना नसावा, कमावत्या मुलालाही असावा. म्हणजे त्यात अविश्वास वाटणार नाही. रोजच्या व्यवहारासाठी थोडी रक्कम असलेले वेगळे खाते ठेवून मोठी पुंजी यूपीआयला न जोडलेल्या खात्यात ठेवणे हाही चांगला बांध आहे.

चौथे फाटक यात्रेचे. तीर्थयात्रेला निघणाऱ्या कुटुंबांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. धर्मशाळा, यात्रीनिवास व हेलिकॉप्टर सेवांच्या आरक्षणाच्या बनावट संकेतस्थळांविषयी भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये इशारा दिला होता. शोधयंत्रावर सर्वांत वर दिसणारा क्रमांक खरा असेलच असे नाही. धर्मशाळेचा क्रमांक पूर्वी जाऊन आलेल्या परिचितांकडून किंवा संस्थानाच्या छापील पत्रकावरून घ्यावा आणि आगाऊ रक्कम पाठविण्यापूर्वी त्या क्रमांकावर प्रत्यक्ष बोलावे.

पाचवे फाटक आवाजाचे. ओळखीचा आवाज आता यंत्राने बनविता येतो. परगावी शिकणाऱ्या मुलाच्या आवाजात ‘अपघात झाला, पैसे पाठवा’ असा फोन आला तर विचारण्यासाठी, केवळ घरच्यांनाच उत्तर ठाऊक असेल असा एक प्रश्न आधीच ठरवून ठेवावा. मग फोन ठेवून मुलाच्या नेहमीच्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा.

घडून गेल्यावर

इतके करूनही एखादे दिवशी चूक होईल. तेव्हा वेळ सर्वांत मोलाची. लुटलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात आणि तेथून तिसऱ्यात काही मिनिटांत पळविला जातो. म्हणून १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर त्वरित फोन करावा, त्याच वेळी बँकेला कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी आखून दिली आहे. दोष ग्राहकाचा नाही, बँकेचाही नाही, असा अनधिकृत व्यवहार बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविला तर ग्राहकावर भार येत नाही. ग्राहकाने स्वतःच ओटीपी किंवा पिन सांगितला असेल, तर बँकेला कळविण्यापर्यंतचे नुकसान त्याचे. कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. यावरून तासाभराच्या मौनाची किंमत किती असू शकते, हे ध्यानात येईल.

आणि हे मौन बहुधा लज्जेतून येते. ‘मुलगा काय म्हणेल, सून काय म्हणेल’ या विचाराने वडीलधारे दिवस-दिवस गप्प राहतात. म्हणून घरातील तरुणांना विनंती आहे की, आई-बाबांनी असे काही सांगितले तर तोंडून निघणारा पहिला शब्द ‘इतके कसे कळले नाही’ हा नसावा. ‘बरे झाले, लगेच सांगितलेत’ हा असावा. आजीला मोबाइल शिकविताना वैतागलेला नातू तिला नकळत एक धडा देत असतो, की पुन्हा विचारायचे नाही. न विचारणारी आजीच लुटारूला हवी असते. ओसवाल यांच्यासारख्या मानी उद्योजकाने आपली फसवणूक देशासमोर सांगितली, हे त्यांचे समाजावरील ऋणच म्हणावे लागेल. त्यांच्या बोलण्याने कित्येकांची मान वर झाली असेल.

आपल्या घरांत पाणी गाळून घेण्याची रीत आहे. पाणी गाळणारी गृहिणी त्या वेळी भयाने थरथरत नसते आणि आज गाळावे की नाही, असा विचारही करीत नाही. गाळणे मडक्याच्या तोंडावर असतेच. सूक्ष्म, न दिसणाऱ्या गोष्टीविषयीची जागरूकता तिच्या हातांत उतरलेली असते. डिजिटल व्यवहारांतील सावधपणाही असाच हातांत उतरावा. येत्या रविवारी सर्व कुटुंब एकत्र बसेल तेव्हा अर्धा तास काढून आपल्या घरची फाटके ठरवावीत, ती मोठ्या अक्षरांत कागदावर लिहावीत, खाली १९३० हा क्रमांक लिहावा आणि तो कागद फोन चार्ज करण्याच्या जागेजवळ लावावा. लिहिण्याचे काम घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीकडे द्यावे.